कॅमेरा तिसाव्या मिनिटाला का थांबला?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण वाचा. पुढच्या महिन्यात आपल्या तालुक्यात पुन्हा एक जनसुनावणी आहे. २०१८ साली माझ्याकडून जी चूक झाली ती यावेळी कुणाकडूनच होऊ नये, एवढ्यासाठी लिहितोय.

त्या साली एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा विस्तार होणार होता. कारखान्याचं नाव घेत नाही. जुन्यांना माहीत आहे, आणि आजचा मुद्दा कारखाना नाहीच. मंडप घातलेला, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव, मागे गावातली माणसं, कडेला पोलीस. वेळ अकराची, साहेब आले अकरा वीसला. साहेब बोलायला उठले तसं मी माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि वही काढली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, आधी टिपण, मग फोटो. ती सवय आजही आहे.

पहिली अर्धी मिनिटं सगळी प्रास्ताविकात गेली. प्रकल्पाची माहिती, पडद्यावरची चित्रं, हिरवा पट्टा, शून्य उत्सर्ग, रोजगार. मग लोकांना बोलायला सांगितलं. वस्तीवरच्या एक आजी उठल्या. माइक हातात नीट धरता येईना, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "साहेब, दोन पावसाळे झाले, माझ्या विहिरीला तांबडं पाणी येतंय. गुरं तोंड लावत नाहीत. आता आणखी वाढवणार म्हणता, मग आम्ही काय करायचं?"

कारखान्याचे अधिकारी उठले. म्हणाले, "आजी, परिसरातल्या सगळ्या विहिरींचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासू आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावू." टाळ्या पडल्या. मी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि समाधानानं कॅमेऱ्याकडे बघितलं. स्क्रीन काळी. घड्याळात अकरा सत्तावन्न.

बॅटरी होती. कार्डात जागा होती. घरी येऊन फाइल बघितली, लांबी २९ मिनिटं ५९ सेकंद. म्हणजे कॅमेरा अकरा पन्नासच्या सुमाराला आपणहून थांबला होता, आणि पुढची सात मिनिटं मी एका झोपलेल्या डब्यासमोर उभा होतो. आजी त्या सात मिनिटांत बोलल्या. आश्वासनही त्याच सात मिनिटांत दिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. दुपारी कारखान्यातून फोन. "असं आम्ही बोललोच नाही. व्हिडिओ असेल तर दाखवा." माझ्याकडे वही होती, व्हिडिओ नव्हता. तिसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. इतिवृत्त आलं त्यात वाक्य होतं, पाण्याच्या गुणवत्तेबाबत ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली, प्रकल्प प्रवर्तकांनी योग्य ती काळजी घेण्याचे आश्वासन दिले. 'दर महिन्याला' गेलं, 'बोर्डावर' गेलं, आजी तर गेल्याच. उरली ती 'योग्य ती काळजी'. ती कुणाला मोजता येते?

माझी चूक लपवत नाही. इतिवृत्ताचा सारांश सुनावणीच्या शेवटी लोकांसमोर वाचून दाखवायचा असतो. तो वाचला गेला तेव्हा मी बातमी पाठवायला निघून गेलो होतो. थांबलो असतो तर तिथंच हात वर करता आला असता.

पण मग माझ्या लक्षात आलं की सरकारी चित्रीकरण असणारच. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत स्पष्ट आहे की जनसुनावणीच्या संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करायचं आणि त्याची प्रत इतिवृत्ताला जोडायची. शब्द 'संपूर्ण' आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दोन महिन्यांनी सीडी मिळाली. पहिली क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांची. दुसरी क्लिप सुरू होते तेव्हा एक माजी सरपंच रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलत असतात. मधलं गायब.

तेव्हा मला वाटलं, झाला घोळ, कुणीतरी कापलं. चार जणांना तसं बोललोही. आज सांगतो, कुणी कापलं नव्हतं. चित्रीकरणाचं काम ज्याला दिलं होतं तो आपल्याच भागातला लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा. त्याच्याकडेही फोटोचाच कॅमेरा, आणि त्यालाही अर्ध्या तासाची तीच मर्यादा. लग्नात तीस मिनिटं सलग कोण घेतं? मंगलाष्टकंसुद्धा त्याच्या आत आटपतात. त्यामुळे त्याला कधी अडचण आलीच नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानंही बटण साहेब उठले तेव्हाच दाबलं होतं. आम्ही दोघांनी एकाच क्षणी सुरू केलं, म्हणून दोघांचंही एकाच क्षणी थांबलं. यात ना कट, ना योगायोग. नुसतं गणित.

हे गणित आलं कुठून, ते शोधायला मला पुढं बरेच दिवस लागले. आपल्याकडे दुकानात विचारलं तर म्हणतात, "सर, कॅमेरा तापतो म्हणून." ते अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं जकातीच्या चोपड्यात आहे.

युरोपीय संघात फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्यावर आयात शुल्क नव्हतं. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात त्याला सूट मिळाली होती. व्हिडिओ कॅमेऱ्यावर मात्र शुल्क होतं, ४.९ टक्के, आणि काही प्रकारांवर १४ टक्के. पुढं फोटोचे कॅमेरे व्हिडिओही काढू लागले. मग प्रश्न आला, ह्याला म्हणायचं काय? तिथल्या सीमाशुल्कवाल्यांनी रेघ मारली. किमान ८०० बाय ६०० पिक्सेल, सेकंदाला किमान २३ चित्रं, आणि सलग किमान ३० मिनिटं रेकॉर्डिंग, हे तिन्ही ज्याला जमतं तो व्हिडिओ कॅमेरा. कर भरा.

कंपन्यांनी काय केलं? पिक्सेल कमी केले तर गिऱ्हाईक जाईल. चित्रांची संख्या कमी केली तर व्हिडिओ धक्के खात चालेल. मग उरलं काय, वेळ. तीस मिनिटांना एक सेकंद कमी ठेवला. २९ मिनिटं ५९ सेकंद. ऑक्ट्रॉय नाक्याच्या अलीकडे माल उतरवून घेणारे आपण पाहिलेत, तोच हा प्रकार, फक्त जागतिक. आणि प्रत्येक देशासाठी वेगळा कॅमेरा करण्याची कटकट नको म्हणून अनेक कंपन्यांनी तीच कात्री जगभर लावली.

आता म्हणाल, युरोपचं ते युरोपात. थांबा. हीच ओळ आपल्याकडेही आली. १७ मार्च २०१२ च्या केंद्र सरकारच्या सीमाशुल्क अधिसूचनेत 'डिजिटल स्टिल इमेज व्हिडिओ कॅमेरा' म्हणजे काय याची व्याख्या घातली गेली. तेच ८०० बाय ६००, तेच २३, तीच सलग ३० मिनिटं. हे सगळं ज्याला जमतं त्याला शुल्कमाफी नाही. त्याच महिन्यात आलेल्या काही कॅमेऱ्यांना माफी मिळाली आणि २०१४ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं कंपन्यांना नोटिसा काढल्या की तुमचे कॅमेरे या व्याख्येत बसत नाहीत, तुम्ही चुकीची माहिती दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'कॅनन इंडिया विरुद्ध सीमाशुल्क आयुक्त' या नावानं ते वकील मंडळींना पाठ आहे. ९ मार्च २०२१ ला तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठानं म्हटलं की गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्याला ही नोटीस काढण्याचा अधिकारच नाही. या एका निकालानं देशभरातल्या कितीतरी नोटिसा लटकल्या. पुढं ७ नोव्हेंबर २०२४ ला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं फेरविचारात तो निकाल फिरवला.

गंमत बघा. अधिकार कुणाचा यावर दहा वर्षं खल झाला. दोन सरन्यायाधीशांनी, दोघेही आपले मराठी, त्यावर निकाल दिले. पण तीस मिनिटांच्या या रेघेमुळे कॅमेरा हातात धरणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. असायचं कारणही नाही, खटला कराचा होता. माझं म्हणणं एवढंच की कर ठरवणाऱ्यानं कराचा विचार केला, कंपनीनं नफ्याचा केला, आणि आजींच्या विहिरीचा विचार कुणीच केला नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीत जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञान करार वाढवला गेला, २०१ वस्तूंची भर पडली. व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं जायला लागलं. भारत त्या वाढीव करारात सामील झाला नाही. पण कंपन्यांचं जगभराचं गणित बदललं आणि २०१९ च्या आसपास सलग रेकॉर्डिंगची मर्यादा नसलेले कॅमेरे दिसू लागले. मग प्रश्न मिटला का? नाही. कारण आपल्याकडे शूटिंगवाले नवा कॅमेरा दरवर्षी घेत नाहीत. सेकंडहँडवर धंदा चालतो. माझा आजचा कॅमेरासुद्धा तिसऱ्या हातचा आहे.

शिवाय कर हे एकच कारण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

दुसरं कारण कार्ड. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट होतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. व्हिडिओ सेकंदाला २४ मेगाबिटनं लिहिला जात असेल तर ४ जीबी साधारण २४ मिनिटांत भरतात. ४के घेत असाल, सेकंदाला १०० मेगाबिट, तर सहा मिनिटंही पुरत नाहीत. काही कॅमेरे तिथं नवी फाइल उघडून पुढं चालू राहतात. काही सरळ थांबतात. तुमचा कुठला, हे तुम्हाला माहीत पाहिजे. ६४ जीबी आणि वरच्या कार्डांना एक्सफॅट ही पद्धत असते, तिला ही अडचण नाही.

तिसरं कारण उष्णता. मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात पंखा नसतो. सेन्सर आणि प्रोसेसर तापतात, उष्णता जायला जागा नाही. म्हणून २०१५ च्या सोनी आरएक्स१०० मार्क ४ मध्ये ४के फक्त पाच मिनिटं होतं, आणि २०१९ च्या कॅननच्या जी७एक्स मार्क ३ मध्ये ४के ९ मिनिटं ५९ सेकंद. आपल्याकडे एप्रिलात पत्र्याच्या शेडखाली सभा घेतली तर विचारूच नका. ही अडचण खरी आहे, तिला कायदा काही करू शकत नाही. पण त्यातही ४के सोडून साधं फुल एचडी लावलं की निम्मा प्रश्न सुटतो. सभेच्या रेकॉर्डला सिनेमाची चकाकी नको, आवाज स्वच्छ पाहिजे आणि खंड नको.

काही मित्र म्हणतात, "भाऊ, तू कुठल्या जमान्यात आहेस? सगळं मोबाइलवर होतं." होतं की. त्याच सुनावणीत एका पोर्टलचा पोरगा मोबाइलवर घेत होता. मधेच घरचा फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. मोबाइलला तीस मिनिटांची रेघ नसते, पण फोन येतो, जागा भरते, तोही तापतो, आणि बॅटरी वाचवायला माणूस स्वतःच बंद करतो. मोबाइल वापरा, जरूर वापरा. विमान मोडवर टाकून वापरा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "चार मिनिटं गेली तर काय बिघडलं? तीन तासांतली चार मिनिटं." बिघडतं ते असं. खंड पडलेल्या व्हिडिओत नसलेला भाग तर जातोच, पण असलेल्या भागावरचाही विश्वास जातो. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, मधलं कुठं आहे? मीच सीडी बघून कापलं म्हणून ओरडलो होतो ना? उद्या माझ्या व्हिडिओबद्दल दुसरा कुणी तेच ओरडेल. आणि ज्याला ही मर्यादा माहीत आहे तो माणूस अडचणीचा प्रश्न बरोबर तिसाव्या मिनिटापर्यंत लांबवू शकतो. असं कुणी केलंय असा माझा आरोप नाही. पण दार उघडं आहे एवढं दिसतंय.

व्हिडिओतल्या मिनिटांची किंमत काय असते हे बघायला लांब जायला नको. २०१४ च्या विधानसभेत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला गेला की नंतर, यावर खटला उभा राहिला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण त्यात कळीचं ठरलं. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे पक्कं केलं. कार्यालय प्रमाणपत्र देत नसेल आणि तुम्ही शक्य ते सगळे प्रयत्न केले असतील तर काय, तेही सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली हेच प्रमाणपत्र आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे सोप्या भाषेत फाइलचा अंगठा. फाइलमधला एक कण बदलला तरी अंगठा बदलतो.

म्हणजे कायदा फाइल कापली आहे की नाही हे पकडायला शिकला. पण कॅमेऱ्यानं जे घेतलंच नाही, त्याचा अंगठा कुठून आणणार?

आता मुद्द्यावर येतो. माझं मत असं की अधिसूचनेत 'संपूर्ण' लिहिलंय म्हणून चित्रीकरण संपूर्ण होत नाही. ते शूटिंगच्या दरपत्रकात आणि कार्यादेशात लिहिलं गेलं पाहिजे. आज कार्यादेशात असतं काय? 'व्हिडिओ शूटिंग, एक दिवस, इतके रुपये.' सगळ्यात कमी दर त्याला काम. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की इथं मंगलाष्टकं नाहीत, इथं पुरावा तयार होतोय. म्हणून पुढच्या सुनावणीसाठी चार मागण्या आहेत.

एक, कार्यादेशात 'अखंड चित्रीकरण' हा शब्द पाहिजे. एका कॅमेऱ्याला मर्यादा असेल तर दोन कॅमेरे, आणि दुसरा पहिल्याच्या दहा मिनिटं नंतर सुरू करायचा, म्हणजे दोन्ही एकदम थांबणार नाहीत.

दोन, चौकटीत भिंतीवरचं घड्याळ दिसलं पाहिजे. दोनशे रुपयांचं घड्याळ पुरतं. खंड पडलाच तर किती मिनिटांचा, हे कुणालाही दिसेल.

तीन, खंड पडला तर तो इतिवृत्तात लिहायचा. 'अमुक वाजता चित्रीकरण तीन मिनिटे थांबले, त्या वेळी अमुक बोलत होते.' लाज वाटायचं कारण नाही. लपवलं की संशय, लिहिलं की नोंद.

चार, मूळ फाइल त्याच दिवशी हॅशसह जपायची आणि प्रत ग्रामपंचायतीला द्यायची, मागितल्याशिवाय. माहितीच्या अधिकारात दोन महिने घालवून सीडी मिळण्यात काय अर्थ आहे? तोपर्यंत लोक बोलल्याचंही विसरतात.

यात पैसे किती लागतील? मंडपाच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि सरकारी काम सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आपल्या पत्रकार मित्रांना, पोर्टल चालवणाऱ्या पोरांना आणि मोबाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. आदल्या रात्री घरी कॅमेरा लावून चाळीस मिनिटं भिंतीचं शूटिंग करून बघा. कुठं थांबतो ते कळेल. थांबत असेल तर मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा, गजर झाला की एक बोलणारा संपून दुसरा सुरू होताना बंद करून लगेच परत सुरू करा. कुणी बोलत असताना नको. आणि शेवटचा सारांश वाचून होईपर्यंत जागा सोडू नका. मी सोडली होती.

त्या आजी अजून आहेत. विहिरीवर आता फरशी टाकलीये, पाणी टँकरचं. मागे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाबा, मी बोलले होते ना रे त्या दिवशी? पोरगं म्हणतंय, कागदावर नाही." मी म्हटलं, "बोलला होतात, आजी. मी होतो तिथं." पण माझं 'होतो' कुणाच्या कामाचं आहे?

चारही मागण्यांचं निवेदन तयार आहे. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलंय, सोमवारपर्यंत सही करून जा. मंगळवारी आम्ही काही जण ते द्यायला जाणार आहोत, पोच घेऊनच येऊ आणि इथं टाकू. सुनावणीच्या दिवशी जे कॅमेरा आणणार आहेत त्यांनी खाली कमेंटमध्ये नाव लिहा. कुणी किती वाजता सुरू करायचं ते आधीच वाटून घेऊ.

साहेब उठले की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.